शर्यतीने गोवंश वाचतो, या समजाविषयी

बैलांच्या शर्यती बंद पडल्या तर देशी जनावर संपेल, हे विधान आता इतकं पक्कं झालं आहे की त्याला पुरावा मागणारा माणूस शेतकऱ्याच्या मुळावर उठलेला ठरतो. खेड-आंबेगावच्या बैलगाडा शर्यतीच्या घाटांवर ते ऐकू येतं, पुसेगावच्या सेवागिरी यात्रेत ऐकू येतं, विदर्भातल्या शंकरपटात ऐकू येतं. तमिळनाडूने 2017 साली जल्लिकट्टूसाठी कायद्यात दुरुस्ती केली, तेव्हा देशी बैलांचं अस्तित्व टिकवणं हा हेतू दुरुस्तीतच लिहून टाकला. आणि 25 व 26 नोव्हेंबर 2023 या दोन दिवशी बंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर या शहरातला पहिला कंबळा, म्हणजे रेड्यांची चिखलातली शर्यत, झाला, तेव्हा चिखलपाण्याच्या त्या जोड-धावपट्टीभोवती उभ्या असलेल्या गर्दीतही हीच वाक्यं कन्नडमध्ये, तुळूमध्ये आणि, आमच्यासारखी मंडळी तिथे होती म्हणून, मराठीतही बोलली जात होती.

हा समज मला चुकीचा वाटतो. मात्र खंडनाची जुनी शिस्त अशी की आधी पूर्वपक्ष मांडावा, आणि तो असा मांडावा की पूर्वपक्षाचा माणूसही म्हणेल, हो, माझं म्हणणं हेच.

आमच्या घरात पूर्वपक्षाचे वकील म्हणजे मामा. मंचरकडचे, घाटावर बारी कधी लागते यावर लग्नाच्या तारखा ठरवणाऱ्या घरातले. पॅलेस ग्राउंड्सवर ते आमच्याबरोबर होते. दक्षिण कन्नड आणि उडुपी जिल्ह्यांतून ट्रकमध्ये घालून, सह्याद्रीचा घाट चढवून आणलेले ते तुकतुकीत रेडे बघून ते म्हणाले, "ट्रॅक्टर आला त्याच दिवशी हे खाटकाच्या दारात जायला हवे होते. हे जित्राब नांगराला नाही, दुधाला नाही. शर्यत आहे म्हणून त्याला हुलगे मिळतात, तेलाची मालिश मिळते. शर्यत काढून घ्या, मग बघा." हे म्हणणं लेचंपेचं नाही. त्याच्यामागे अर्थशास्त्र आहे. ज्या जनावराचं काम गेलं त्याला नवं काम मिळालं तरच कोणी पोसेल. खिल्लार बैलाचं जुनं काम मोट, नांगर आणि गाडी. तिन्ही गेली. उरली ती शर्यत. शर्यतीत नाव केलेल्या बैलाला लाखांत मागणी येते, म्हणून खोंड सांभाळला जातो, म्हणून खिल्लार गाय दावणीला राहते. बंदी घालणाऱ्या शहरी लोकांनी ही साखळी तोडली आणि जर्सीसाठी रान मोकळं केलं. पूर्वपक्ष इतका.

यातला बंदीचा इतिहास थोडक्यात आठवू. केंद्राने 11 जुलै 2011 च्या अधिसूचनेने बैलाला खेळासाठी वापरायला मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत टाकलं. 7 मे 2014 ला सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टू आणि बैलगाडा शर्यती दोन्ही बंद केल्या. 2017 मध्ये तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्राने आपापल्या दुरुस्त्या केल्या. महाराष्ट्रातली दुरुस्ती उच्च न्यायालयात अडकली आणि गाडे पुन्हा पळवायची परवानगी मिळायला 16 डिसेंबर 2021 उजाडला. 18 मे 2023 ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तिन्ही राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. म्हणजे कायद्याचा प्रश्न सुटला. क्रूरतेचा वाद संपलेला नाही, पण तो या लेखाचा विषय नाही. न्यायालयाने शर्यतीला परवानगी दिली. शर्यतीने वंश वाचतो असं त्यामुळे सिद्ध होत नाही.

आता आकडे. 2012 आणि 2019 या दोन पशुगणना शेजारी ठेवल्या की देशातल्या गायी-बैलांची एकूण संख्या 19 कोटींच्या वरच थबकलेली दिसते. जेमतेम एक टक्का वाढ. पण आत डोकावलं की चित्र उलटंपालटं होतं. मादी जनावरं 18 टक्क्यांनी वाढली, नर 30 टक्क्यांनी घटले. पावणेसात कोटींच्या आसपास असलेले नर पावणेपाच कोटींवर आले. सात वर्षांत दोन कोटी नर गेले. देशी गोवंश एकूण 6 टक्क्यांनी घटला आणि संकरित-विदेशी जवळपास 27 टक्क्यांनी वाढला.

पूर्वपक्षाचा माणूस इथे लगेच म्हणेल की ही तर बंदीचीच वर्षं. वर्षं तीच, पण कारण ते नव्हे. ही घट अख्ख्या देशाची आहे, आणि देशाच्या फार मोठ्या भागात बैलांच्या शर्यती ना कधी जोरात होत्या, ना कोणी बंद केल्या. शिवाय प्रमाण बघा. बंगळुरूच्या त्या गाजलेल्या कंबळ्यात दीडशेच्या आसपास जोड्या होत्या, आणि त्याही रेड्यांच्या. प्रत्येक घाटावर, प्रत्येक मैदानात, प्रत्येक पटात पळणारे सगळे बैल एकत्र केले तरी दोन कोटींच्या खड्ड्यापुढे ती संख्या किती? जी गोष्ट हजारांत चालते ती कोटींतल्या घटीचं कारणही होऊ शकत नाही आणि तिच्यावरचं औषधही.

मग नर गेले कुठे? ते जन्मालाच येईनासे झाले, किंवा जन्मून हिशेबातून निघून गेले. उरुळीकांचनला मणिभाई देसाईंनी 1967 साली बाएफ ही कृत्रिम रेतनाचा प्रसार करणारी संस्था सुरू केली, हेसरघट्ट्याला, म्हणजे आजच्या बंगळुरूच्या उंबऱ्याशी, गोठवलेल्या वीर्याची केंद्रीय संस्था उभी राहिली, आणि गावातला वळू हळूहळू अनावश्यक झाला. दुधाच्या हिशेबाने ते योग्यच होतं. संकरित गाईने ज्यांच्या घरी पोरांच्या शाळेची फी भरली त्यांना नावं ठेवायचा अधिकार मला नाही. त्यापुढची पायरी म्हणजे लिंगवर्गीकृत रेतमात्रा: दहातली नऊ वासरं कालवडीच व्हावीत अशी सोय, आणि त्यावर सरकारी अनुदान. ज्या राज्यव्यवस्थेने शर्यतीचा कायदा करताना देशी नराच्या रक्षणाची भाषा केली, तीच व्यवस्था गोऱ्हा जन्मालाच येऊ नये म्हणून पैसे मोजते आहे. दोन्ही धोरणं वेगवेगळी ऐकली तर शहाणपणाची वाटतात. एका दमात वाचली की हसू येतं.

दुसरी बाजू म्हाताऱ्या बैलाच्या किमतीची. महाराष्ट्रात मार्च 2015 पासून गाईबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आली. कर्नाटकाने 2020 च्या कायद्याने तेच केलं. फक्त 13 वर्षांवरची म्हैस आणि रेडा वगळला. या कायद्यांमागच्या श्रद्धेशी मला भांडायचं नाही. पण शेतकऱ्याच्या वहीत त्याचा अर्थ इतकाच होतो की काम संपलेल्या बैलाची किंमत शून्यावर आली आणि वैरणीचा खर्च तसाच राहिला. पूर्वी जोडी बदलताना जुन्या बैलाचे पैसे नव्या खोंडात घालता येत. तो दुवा तुटला. बैल ठेवणं हा धंदा होता. आता ती हौस झाली. हौस पाच घरांना परवडते, पाचशेंना नाही. मामांच्या साखळीतला खरा तुटलेला दुवा हा आहे, आणि तो कोणा शहरी प्राणिमित्राने तोडलेला नाही.

यानंतरचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि नेमका तोच शर्यतीच्या गोंगाटात हरवतो. जनावराची जात एका धिप्पाड नरात नसते. ती गाईंच्या कळपात असते, आणि नर किती वेगवेगळे वापरले गेले यात असते. सीवॉल राइट या अमेरिकन अनुवंशशास्त्रज्ञाने 1931 साली याचं गणित मांडलं. एका कळपात हजार गायी आहेत आणि फक्त दहाच वळू वापरले जातात असं धरा. तोंडी हिशेबाने ती हजारावर दहा जनावरं. राइटच्या सूत्राने त्यांची परिणामी संख्या भरते सुमारे चाळीस. म्हणजे रक्तातली विविधता पुढच्या पिढीत इतक्या वेगाने झिजेल की जणू ती चाळीसच जनावरं आहेत. शर्यत काय करते? एका हंगामात एक नाव गाजतं आणि सगळे त्याच वळूच्या मागे लागतात. हिंदकेसरीचं मैदान मारलेल्या बैलाचा वाण मिळावा म्हणून दूरदूरहून माणसं येतात. त्यात त्यांचं चुकत काहीच नाही, पण परिणाम असा की राइटच्या सूत्रातला दहाचा आकडा पाचावर येतो. आणि मैदान मारणारा बैल खच्ची केलेला असला तर तेवढंही नाही: त्याचा वंश त्याच्या ढालीबरोबर कपाटात.

यावर एक चांगला आक्षेप आहे. तो घ्यायलाच हवा, कारण बंगळुरूत तो डोळ्यांसमोर उभा असतो. शहराच्या मधोमध टर्फ क्लबचं रेसकोर्स आहे. शर्यतीचा थरोब्रेड घोडा शर्यतीनेच घडवला ना? मग बैलाने काय घोडं मारलं? (कोटी आपोआप झाली.) उत्तर असं: थरोब्रेड नुसत्या धावण्याने टिकला नाही, तो दप्तराने टिकला. इंग्लंडात जनरल स्टड बुक 1791 पासून छापलं जातं. प्रत्येक शिंगराची आई कोण, आईची आई कोण, हे त्यात लिहिलेलं असतं. शिवाय तिथे घोडीही पळते. एप्सम ओक्स ही फक्त घोड्यांच्या माद्यांसाठीची शर्यत 1779 पासून आहे, डर्बीपेक्षा एका वर्षाने जुनी. म्हणजे पारख नर-मादी दोघांची होते आणि वंशावळ दोन्हींकडून लिहिली जाते. आपल्याकडे गाय घाटावर येत नाही. तिचं नाव निवेदकाच्या तोंडी येत नाही. बैलाचं नाव, मालकाचं नाव, गावाचं नाव, गाड्याला लावलेल्या पुढाऱ्याचं नाव, एवढं सगळं भोंग्यावरून ऐकू येतं; आईचं नाव कोणी विचारत नाही.

अमेरिकेतल्या रोडिओचं उदाहरणही इथे द्यायला हवं. ह्यूस्टनच्या मराठी घरांत मार्चमध्ये पोरांना तिथल्या लाइव्हस्टॉक शो आणि रोडिओला नेणं हा आता सणच झाला आहे. 1932 पासून चालणाऱ्या त्या जत्रेला दोन अंगं आहेत आणि नावातच ती वेगळी ठेवली आहेत: जनावरांचं प्रदर्शन एक, रोडिओ दुसरा. प्रदर्शनात शाळकरी मुलं स्वतः वाढवलेला गोऱ्हा आणतात, त्याच्या चाऱ्याचा हिशेब मांडतात. 2022 साली पहिल्या आलेल्या गोऱ्ह्याला लिलावात दहा लाख डॉलर मिळाले. तो खच्ची गोऱ्हा असतो, मांसासाठीच वाढवलेला, आणि तो वंश वाचवतो असं तिथे कोणी म्हणत नाही. तो लिलाव मुलांच्या शिष्यवृत्त्यांसाठी आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. उलट रोडिओत उधळणाऱ्या बैलांची डीएनए तपासून आई-बापासकट वंशनोंद ठेवणारी संस्था तिथे आहे. पाठीवरच्या स्वाराला काही सेकंदांत फेकून देणाऱ्या बैलाची आई कोण, हे तिथे कागदावर असतं. खेळातून वंश घडवायचा तर काय लागतं ते यात दिसतं.

आता बंगळुरूचीच दुसरी जागा. पॅलेस ग्राउंड्सपासून बळ्ळारी रस्त्याने उत्तरेला निघालं की हेब्बाळच्या पुढे कृषी विद्यापीठाचं जीकेव्हीके आवार लागतं. तिथे नोव्हेंबरात कृषी मेळा भरतो. कंबळ्याच्या मानाने नीरस प्रकार: बियाण्यांच्या पिशव्या, ठिबकच्या नळ्या, नाचणीचे लाडू, आणि एका बाजूला जनावरांचे मांडव. 2021 च्या मेळ्यात कृष्णा नावाच्या हळ्ळीकर वळूची किंमत 1 कोटी सांगितली गेली आणि वर्तमानपत्रांना मथळा मिळाला. त्याच बातमीत खाली होतं की त्याच्या वीर्याची एक मात्रा हजार रुपयांना जाते. लोकांनी कोटीचा आकडा लक्षात ठेवला. मला हजाराचा महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात वळूची किंमत त्याच्या संततीवरून ठरते. अर्थात राइटचं गणित इथेही बसलेलंच आहे. एकच कृष्णा सगळ्या गोठ्यांत गेला तर तोही तोटाच. पण निदान इथे प्रश्न तरी योग्य विचारला जातो.

हळ्ळीकर म्हटलं की मराठी वाचकाने कान टवकारावेत. आपण ज्या खिल्लारीचा एवढा अभिमान बाळगतो तिचं मूळ म्हैसूरच्या हळ्ळीकर गोवंशात आहे, असं पशुशास्त्राच्या जुन्या ग्रंथांत नोंदलं आहे. याच कुळातला अमृतमहाल. चिक्कदेवराज वोडेयरांच्या काळापासून राज्याने सांभाळलेला, टिपूने अमृतमहाल हे नाव दिलेला, तोफा ओढणारा बैल. तो कशावर जगला? शर्यतीवर नव्हे. तो ‘कावल’ नावाच्या राखीव गायरानांवर जगला. म्हैसूर राज्यात अशी कावलं ठिकठिकाणी राखलेली होती आणि कळप ऋतूप्रमाणे एका कावलातून दुसऱ्यात हलत. आज त्यांतली बहुतेक दुसऱ्याच कामांना गेली आहेत. चित्रदुर्ग जिल्ह्यातल्या चळ्ळकेरेजवळची अमृतमहाल कावलाची सुमारे आठ हजार एकर जमीन संरक्षण संशोधन, अणुसंशोधन, अवकाश संशोधन आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांना देण्यात आली. देशाला त्या संस्था हव्यात, हे मान्य. पण ज्या शहराने पॅलेस ग्राउंड्सवर दोन दिवस पशुधनाचा जयघोष केला, त्याच शहराच्या नावाजलेल्या संस्थेच्या कुंपणाआड बैलाचं गायरान गेलं, आणि त्यासाठी कोणी मोर्चा काढून रस्ता अडवल्याचं मला आठवत नाही. जल्लिकट्टूसाठी चेन्नईचा मरीना किनारा भरला होता. गायरानासाठी मात्र काही मेंढपाळ आणि काही पर्यावरणवाले राष्ट्रीय हरित लवादात गेले.

मंडनासाठी फार लांब जायला नको. कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर संध्याकाळी म्हैस गिऱ्हाइकासमोर पिळतात आणि फेसाळ दूध पेल्यात देतात. पंढरपुरी म्हैस कोल्हापुरात टिकली ती या पेल्यावर. आणि दिवाळीच्या पाडव्याला तेच गवळी त्याच म्हशींची शिंगं रंगवून, गळ्यात माळा घालून त्यांना रस्त्यावर पळवतात, मोटरसायकलीमागे धावायला लावतात. पोरं टाळ्या पिटतात. हाही खेळच, पण त्याचा क्रम पाहा. आधी दूध, मग मिरवणूक. मिरवली जाते ती मादी, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ती पुन्हा धारेला उभी असते. तसंच नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत लाल कंधारी आणि देवणी जनावरांचं प्रदर्शन भरतं. तिथे बक्षिसासाठी गाय आणि कालवडही रांगेत उभी असते. तिथल्या फोटोंना पुसेगावच्या फोटोंइतकी झिंग नसते, हे कबूल.

मामांना मी हे सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच प्रतिवाद केला. तो मला अजून चांगला वाटतो. ते म्हणाले, "शर्यतीच्या खोंडाला जो पैसा येतो त्यावर मागे गोठ्यात चार खिल्लार गायी उभ्या राहतात. त्या गायी तू बघितल्यास का?" बघितल्या आहेत, काही घरांत. तिथे त्यांचं म्हणणं खरं आहे, आणि पूर्वपक्षात सत्याचा जो अंश आहे तो एवढाच, पण तो आहे. प्रश्न असा की असे गोठे किती, त्यांतल्या किती गायी देशी वळूलाच दाखवल्या जातात, आणि किती मालक तयार झालेला दुसा बाजारातून विकत आणून थेट घाटावर उतरवतात. या तिन्ही प्रश्नांची उत्तरं नसताना संपूर्ण गोवंशाच्या रक्षणाचं श्रेय शर्यतीच्या खात्यावर टाकणं हा पुराव्याचा मार्ग नव्हे.

मुलांना घेऊन कंबळ्याला जाऊ नका, असं मी म्हणणार नाही. आमची पोरं ‘कणे हलगे’ प्रकार बघून वेडी झाली. त्यात वेगाला महत्त्व नसतं. फळीवर उभा राहिलेला गडी रेड्यांमागून जात असताना भोकांतून उसळणारं पाणी किती उंच जातं ते आडव्या टांगलेल्या कापडाच्या निशाणीवर मोजतात. काय देखणा प्रकार आहे! भातशेतीच्या चिखलातून निघालेला खेळ म्हणून, तुळूनाडूचा उत्सव म्हणून तो आपल्या पायावर उभा राहू शकतो. त्याला संवर्धनाची काठी कशाला लागावी? उलट ती काठी दिल्यामुळेच उद्या कोणी विचारेल, वंश वाढला का दाखवा, आणि दाखवायला काही नसेल.

आणि दाखवायचंच असेल तर सोय आहे. महाराष्ट्रात शर्यतीसाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, पशुवैद्यकाचा तंदुरुस्तीचा दाखला लागतो. जनावराच्या कानात 12 अंकी बिल्ला मारण्याची योजनाही देशभर चालू आहे. त्या दाखल्यावर तीन रकाने वाढवावेत: आईचा बिल्ला क्रमांक, बापाचा बिल्ला क्रमांक, आणि या बैलापासून झालेली नोंदलेली वासरं. तिसरा रकाना कोरा असला तरी बैलाला पळू द्यावं. फक्त मैदानाच्या फलकावर ‘गोवंश संवर्धनार्थ’ हे शब्द लिहायची मुभा त्या आयोजकांना द्यावी ज्यांच्या यादीत निम्म्याहून अधिक बैलांचे तिन्ही रकाने भरलेले आहेत. आणि बक्षिसाच्या रकमेतला ठरावीक हिस्सा जिंकलेल्या बैलाच्या आईच्या मालकाला जावा, मग ती गाय त्याच गोठ्यात असो की तीन तालुके पलीकडे. मामांना शेवटची अट फारशी आवडली नाही. त्यांचा बैल विकत घेतलेला आहे.